कवितेएवढी मुळी

क्लेमेंटी, सिंगापूर
३ मार्च २०२४

चि. सौ. शैलास अनेक उत्तम आशीर्वाद.

सहाणेवर मुळी घासल्याचा तो जुना आवाज पुन्हा ऐकू येतो. खर्र, खर्र. सहाण तर पुण्यालाच राहिली. चिरंजीव रोहन जुरोंग आयलंडच्या बसने कामावर गेला की फ्लॅटमध्ये मी एकटा, आणि तुझ्या ताईची, नंदाची, ती घासघास.

२००२ साली इथल्या लिम नावाच्या चिनी वैद्यांकडून नंदाच्या गुडघ्यांच्या सुजेसाठी मी ती मुळी नेली. सात दिवस काढा द्या, मग थांबा, असं त्यांनी बजावलं होतं. आपण तिची बाळगुटी केली. सात दिवस उलटले तरी, मी शाळेतली एक कविता म्हणेपर्यंत तिने रोज उगाळायची. कविता संपली की मात्रा पुरी. मला लांब कविता आवडत, हे तू जाणतेसच.

नात अश्लेषा वनस्पतींच्या प्रयोगशाळेत आहे. ती म्हणते, त्या नावाखाली दोन वेलींची मुळं विकली जात. एक औषध, दुसरीने मूत्रपिंडं जातात. नंदा डायलिसिसवर असतानाच आपल्याला सोडून गेली, शैला. तुला दिलेली मुळी उरली असेल तर उगाळू नकोस, इकडे येणाऱ्या मीनलबरोबर तपासायला पाठव.

तुझा,
रावसाहेब

पुणे, ११ मार्च

ती. दाजींना सा. न. वि. वि.

पेरभर तुकडा मीनलकडे दिलाय. बाकीचा मी नाही हो वापरला. ताईनेच मागून नेला. म्हणाली, यांच्या कवितेत माझं भागत नाही, यांना सांगू नकोस. मी हसत हसत दिला. तेव्हा सगळं एकट्याच्या माथी घेऊ नका. तुमच्या कवितांनी दूध उतू जायचं, माणसं नाही जात.

जेवत जा वेळेवर.

आपली,
शैला

क्लेमेंटी, २ एप्रिल

चि. सौ. शैलास आशीर्वाद.

निकाल आला. वेल दुसरीच होती. अश्लेषा इथल्या लोकांच्या लकबीत म्हणाली, आजोबा, यू डिडन्ट नो, लाह. मी मान हलवली. पण सात दिवस तर मला माहीत होते.

लिमचं दुकान कधीच बंद झालं. अश्लेषाने त्यांच्या मुलीकडे निरोप ठेवला होता, एक जुनं गिऱ्हाईक विचारतंय, एवढाच.

इथवर लिहिलं आणि बेल वाजली. दारात स्वतः लिम, नव्वदीचे, काठी टेकत, बूट काढून उभे. मला ओळखून हसले आणि विचारलं, मिसेसची सूज उतरली का?

ते आत बसलेत. पाणी देऊन आलोय. माया असू दे.

तुझा,
रावसाहेब