माझ्या मरणाचा पुरावा करू नये

मी, निता अमृतराव काळबांडे, वय अठ्ठेचाळीस, धंदा शेती, शिक्षण बी.ए. राज्यशास्त्र, राहणार डोंगरकडा, तालुका कळमनुरी, जिल्हा हिंगोली, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. मन ठिकाणावर आहे. शरीराबद्दल तसे लिहिता येत नाही, म्हणून हा कागद. कोणी दबाव आणलेला नाही, कोणी फसवलेले नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. रोज डायरी लिहायची सवय असल्याने काही ठिकाणी कायद्याला नको असलेला मजकूर येईल. तो सोडून न देता वाचावा, ही विनंती.

माझे पती अमृतराव एप्रिल २०२१ मध्ये कोविडने वारले. आम्हाला एकच अपत्य, मुलगी पुनम. ती नांदेडला शिकते. धाकटे दीर उत्तमराव आणि जाऊ शिला शेजारच्या घरात राहतात. आमच्या मध्ये एक भिंत आहे.

कलम १. पतीच्या पश्चात माझ्या नावावर झालेली जमीन, विहिरीतल्या हिश्श्यासह, पुनमला देते. तिचे शिक्षण होईपर्यंत उत्तमरावांनी ती बटईने करावी. हळदीचे बेणे आपल्याच शेतातले ठेवावे. ते अमृतरावांनी वर्षानुवर्षे निवडत आणलेले आहे.

कलम २. राहते घर पुनमचे. लग्न होऊन ती दुसरीकडे गेली तरी तिचेच. माहेरी यायचे तर तिला कोणाला विचारावे लागू नये.

कलम ३. औषधपाण्यातून बँकेत जे उरेल ते तिच्या शिक्षणाला. माझे तेरावे मोठे करू नये. माझ्या डायऱ्याही तिच्याच. त्यांत गुपित काही नाही. पाऊस, हळदीचे भाव, कोण काय बोलले, आणि मी त्यावर काय बोलायला हवे होते.

कलम ४. हळद शिजवायचा कुकर दोन्ही भावांनी भागीत घेतला. हंगामात तो गावात भाड्याने फिरतो, त्यामुळे घरच्या हळदीचा नंबर लागला की थांबता येत नाही. माझा अर्धा हिस्सा मी उत्तमरावांना देते. अट एकच: ताप असलेला माणूस, मग तो ताप कशाचाही असो, कुकरपाशी उभा राहणार नाही. त्याला आधी दवाखान्यात न्यावे. हळद नंतर शिजवावी.

अटीमागचे कारण लिहावे की नाही, याचा मी पुष्कळ विचार केला. मृत्युपत्र चारचौघांत वाचले जाते. पण कारण न देता अट घातली तर ती टोमण्यासारखी वाटेल, म्हणून लिहिते. त्या वर्षी पंचेचाळीसच्या पुढच्यांना लस सुरू झाली. अमृतराव केंद्रावरून हात हलवत परत येत. साठा संपलेला असे. शेवटी एकदा मिळाली. आठवड्याच्या आत त्यांना ताप भरला, आणि त्याच दिवशी आमच्या हळदीचा नंबर होता. उत्तमराव म्हणाले, “लसीचा ताप हाय दादा, येतोच तो. वाफेपाशी बस, छाती मोकळी व्हईल.” गावात तेव्हा सगळेच असे बोलत. हळद पिकवणाऱ्या गावाला काय होते, असेही म्हणत. मी चहा घेऊन गेले होते. मी ऐकले आणि मलाही ते पटले. हळद शिजून होईपर्यंत ते तिथेच होते. तपासणी झाली तेव्हा त्यांना बोलताना दम लागत होता. रिपोर्ट कोविडचा आला. लसीला काम करायला जे दिवस लागतात, ते तिला मिळालेच नव्हते.

(येथील एक वाक्य खोडले आहे. सही: नि. अ. काळबांडे. कारण कलम ७ मध्ये.)

कलम ५. ‘काळबांडे परिवार’ या व्हॉट्सॲप ग्रुपची मी ॲडमिन आहे. ही मिळकत आहे की नाही ते मला माहीत नाही, पण घरात तंटा झाला तो जमिनीवरून नाही, याच्यावरूनच.

अमृतरावांचे वर्षश्राद्ध व्हायच्या आधी उत्तमरावांनी तिथे एक व्हिडिओ टाकला. साथ आणि लस, दोन्ही मोठ्या देशांनी मिळून रचलेला डाव आहे, असा. खाली लिहिले, ‘आमच्या दादाचा बळी असाच गेला.’ मी उत्तर दिले, की बळी लसीने नाही, लसीच्या वाटपाने गेला. श्रीमंत देशांनी आधी आपापली कोठारे भरली. लस तर आपल्या देशातही बनत होती. ते माझ्या मांडणीत बसत नव्हते, म्हणून मी लिहिले नाही. त्यानंतर अमेरिका, चीन, रशिया, पेटंट, औषध कंपन्या, सगळे झाले. पदवीला शिकलेले मी याच कामाला लावले. ते दोनदा ग्रुपमधून बाहेर पडले, दोनदा मी त्यांना परत घेतले.

दोन डोस झाल्यावर मलाही कोविड झाला. बरी होत होते तेव्हा ते भिंतीवरून म्हणाले, “काहो वहिनी, तुमची लस फेल गेली म्हनायची.”

मी म्हटले, “भाऊजी, मी उभी राहून तुमच्याशी भांडून राहिले. याला फेल म्हणत नाहीत.”

“व्हय, भांडायची ताकद तेवढी येती तिच्यानं.”

शिलाने त्याच भिंतीवरून मला दोन्ही वेळची भाकरी दिली. ती ग्रुपवर सकाळी फुलांचे चित्र टाकते, बाकी काही लिहीत नाही. ॲडमिनपद मी तिला देते. तिने फुले टाकत राहावे.

आता एवढेच वाटते, की आम्ही दोघे वॉशिंग्टन आणि बीजिंगपर्यंत जात होतो ते आमच्या शेतातल्या कुकरपर्यंत जायचे नव्हते म्हणून.

कलम ६. माझे मरण. माझे मूत्रपिंडाचे दुखणे आईकडून आलेले आहे. माझी आई सखुबाई याच दुखण्याने २००९ साली गेली. तेव्हा साथ नव्हती आणि लसही नव्हती. माझे निदानही साथीच्या आधीचे आहे. तरी डायलिसिस सुरू झाले तेव्हा मी डॉक्टरांना विचारले, लसीने वाढले असेल का. उत्तमराव विचारतील म्हणून विचारले की मलाच शंका आली होती, हे मला प्रामाणिकपणे सांगता येत नाही. डॉक्टर म्हणाले, “नाही ताई, हे तुमच्या आईचंच आहे.”

म्हणून माझ्या फोटोला हार घालून त्याखाली ‘लसीचा आणखी एक बळी’ असे कोणी लिहू नये. आणि माझी बाजू घेऊन, ही तीन डोस घेऊन इतकी वर्षे जगली, असेही लिहू नये. माझे मरण दोन्ही बाजूंना पुरावा म्हणून मिळणार नाही. ते मी पुनमला दिले आहे. वडील गेल्यापासून त्यांचे नाव वादातला मुद्दा म्हणून वाचत ती मोठी झाली. एकदा सुट्टीत आली असताना मला म्हणाली, “आई, तुम्ही दोघं बाबांविषयी बोलता, पण बाबा कसे होते ते कुणीच बोलत नाही.” माझ्या वेळी तिला तिच्या मनासारखे रडू द्यावे. कोणाला उत्तर द्यायला लावू नये.

कलम ७. या मृत्युपत्राची अंमलबजावणी उत्तमरावांनी करावी. मरणाची बातमी ग्रुपवर त्यांनीच टाकावी: ‘वहिनी गेल्या.’ कशाने, असे कोणी विचारले तर ‘आईच्याच दुखण्याने.’ त्यापुढे काही नको.

कच्चा मसुदा मी त्यांना खळ्यावर वाचून दाखवला. शिजवलेली हळद वाळत घातली होती. कलम चार ऐकताना ते ओणवे होऊन हळद पसरत राहिले.

“वहिनी, हे तुमी कवाच ग्रुपवर काहून न्हाई लिहिलं? मी तुमाला एवढं बोलून राहिलो.”

“लिहिलं असतं तर वाद मी जिंकले असते भाऊजी. मग तुमी कुठं गेला असता?”

ते पसरलेलीच हळद पुन्हा पसरू लागले. मग म्हणाले, “त्यातलं एक वाक्य खोडा.”

“कुकरचं?”

“न्हाई. कुकरचं खरं हाय, ते राहू द्या. शेवटी तुमी लिहिलं ना, उत्तमरावांना मी दोष देत नाही. ते खोडा.”

मी विचारले, का.

“थोडा तरी द्या ना वहिनी. तुमी थोडा दिला तं बाकीचा सोसल मला.”

या पक्क्या प्रतीतही ते वाक्य लिहून, मग त्यांच्या सांगण्यावरून खोडले आहे. त्या जागी दुसरे काही लिहिलेले नाही.

वरील मजकूर मी वाचून पाहिला आहे. त्यात एकच खोडाखोड असून ती दोघांच्या राजीखुशीने केली आहे. साक्षीदारांनी माझ्यासमोर आणि मी त्यांच्यासमोर सही केली.

ठिकाण: डोंगरकडा
दिनांक: १४ मार्च २०२६

सही: निता अमृतराव काळबांडे

साक्षीदार:
१. हिरासिंग शंकरसिंग आडे, शेती, शेजारच्या तांड्यावरील रहिवासी
२. निलम प्रकाश गुंडाळे, शिवणकाम, राहणार डोंगरकडा

अंमलबजावणी करण्यास मान्यता: उत्तमराव काळबांडे
(मयत अमृतरावांचा धाकटा भाऊ)