तुमच्या गादीचा कापूस

प्रिय तात्या,

उद्या तुमचं वर्षश्राद्ध. रमेश सातपूरहून एका रिसॉर्टवाल्याला घेऊन येतोय. त्या माणसाला माणसं पलीकडे नेणारी आपली नाव बागेत ठेवायचीय, आत माती भरून फुलझाडं लावायला! मी नाही म्हणणार आहे. घरात भांडण होणारच, म्हणून आजच तुम्हाला सगळं सांगून मोकळी होते.

दर उन्हाळ्यात तुम्ही तुमची गादी पिंजाऱ्याकडे न्यायचात आणि त्यातला ओंजळभर कापूस नावेसाठी काढून ठेवायचात. नवा कापूस कधी घातला नाहीत. अंगाखाली दबलेलाच फटीत नीट बसतो म्हणायचात. गादी पातळ होत चालली म्हणून आई कटकट करायची, तुम्ही हसायचात. मग त्याच्या वाती वळून, राळ-तेलात बुडवून फळ्यांच्या सांध्यांत ठोकायचात.

मला मात्र हातोडी कधी दिली नाहीत. भावाला, रमेशला दिलीत! का हो? त्यानं कारखान्यातली पेस्ट आणून फटी बुजवल्या. ती दगडासारखी वाळली. पाण्यात लाकूड फुगलं, पेस्ट दबेना, आणि फळी तडकली. तुम्ही त्याला चकार शब्द बोलला नाहीत. मी बोलले तर मलाच गप्प केलंत. तो राग अजून गेलेला नाही.

तुम्ही गेलात तेव्हा नाव काठावर उन्हात पडून होती. अस्थी रमेशनं रामकुंडात सोडल्या. दहाव्याला तुमची गादी नदीत सोडायला बाहेर काढली, ती मी सरळ उचलून घरात आणली. कुणाचं ऐकलं नाही. सुताराकडून फळी बदलून घेतली, पेस्ट खरवडली आणि त्या गादीच्या कापसानं सगळे सांधे माझ्या हातानं भरले. मग फळ्या फुगाव्यात म्हणून दगड घालून दोन दिवस नाव पाण्यात बुडवून ठेवली, तुम्ही ठेवायचात तशीच.

बातमी वस्तीभर झाली. शेजारची सखूबाई, रोज दूध घेऊन पलीकडे जाणारी, तोंडावर म्हणाली, "मेल्या माणसाची गादी हाय तिच्यात. मी नाय बसणार."

तीन दिवस कुणीच बसलं नाही. धरणाच्या पाण्यावर मी एकटीच जायचे-यायचे. तळ कोरडा होता, तात्या! पण बघायला कोण होतं? मी वल्हं मारता मारता रडले.

चौथ्या सकाळी सखूबाई आली. वळसा घालून जाताना तिचं दूध नासत होतं. तिनं किटल्या आत ठेवल्या, सांध्यावरून हात फिरवला आणि तुमच्या नेहमीच्या जागेकडे बघून म्हणाली, "तात्या, सरका जरा."

तेव्हापासून सगळे बसतात.

हे जुनं लाकूड किती दिवस चालवणार, असं उद्या रमेश विचारील. निम्मी गादी अजून माझ्याकडे आहे. दर उन्हाळ्यात त्यातलाच कापूस घालीन. तो संपला की माझी गादी उसवीन. पण नाव पाण्यातच राहील, हा माझा शब्द.

तुमची,
शैला