हलक्या दुर्बिणीचा वारस

मी, ओतिलिया क्रावान्या, कै. ग्रेगोर क्रावान्या यांची पत्नी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, राहणार ट्रेंटा खोरे, स्लोव्हेनिया, हे मृत्युपत्र आज दुपारी माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर, स्वतःच्या हाताने, कोणाच्याही धाकदपटशाशिवाय लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. हृदय ठिकाणावर नाही असे डॉक्टर म्हणतात, पण मृत्युपत्राला कायद्याने डोकेच लागते. यापूर्वीचे मृत्युपत्र रद्द समजावे. ते मी रागात लिहिले होते. आज मी आनंदात आहे, आणि आनंदाने माझे अक्षर वेडेवाकडे येत आहे. त्याला म्हातारपणाचा कंप समजून कोणी कोर्टात जाऊ नये.

आनंदाचे कारण नोंदवते. आमच्या शिकारमंडळाने यंदा एक गाम्स माझ्या नावावर लावली आहे. गाम्स म्हणजे आमची कड्यांवरची रानशेळी, आणि ही भाकड आहे, म्हातारी आहे, या हिवाळ्यात टिकणार नाही अशी आहे. किती वर्षांनी पाळी आली! उद्या पहाटे निघायचे. अडचण एवढीच की मंडळाच्या नियमाप्रमाणे माझ्या वयाच्या माणसाला वर एकटे सोडत नाहीत. सोबत रक्षक लागतो, आणि या भागाची रक्षक आहे तिंकारा. तिंकारा म्हणजे माझी मानसकन्या. बाप्तिस्म्याला मी तिला हातांवर धरले होते, बंदूक धरायलाही मीच शिकवले. ती म्हणते, "मावशी, मी येणार नाही, म्हणजे तूही जाणार नाहीस. विषय संपला." विषय संपलेला नाही. म्हणून तर हे लिहीत आहे. माझे काही झाले तर मागे घोळ राहील ही तिची एक सबब होती, ती तरी आज मिटवते.

पहिले. माझे राहते घर, मेंढ्यांचा गोठा आणि मागचे कुरण माझ्या बहिणीचा मुलगा बोश्तियान याला द्यावे. तो चेरी पिकल्यावरच उगवतो हे मला ठाऊक आहे. तरी झाड त्याने कधी ओरबाडले नाही, आणि चुलीचा धूर कुठे कोंडतो हे त्याला न सांगता कळते. घर त्याला शोभेल. गोठ्याचे दार मात्र त्याने स्वतः दुरुस्त करावे, माणूस लावू नये; हात मोडत नाही कोणाचा.

दुसरे. बँकेत जे काही असेल त्यातून माझ्या अंत्यविधीनंतर शिकारमंडळाला जेवण द्यावे. हरणाचा रस्सा, मक्याचा घट्ट सांजा आणि नाशपातीची दारू. भाषण नको. आमच्यात पडलेल्या जनावराच्या तोंडात हिरवी डहाळी ठेवतात, शेवटचा घास म्हणून, आणि शिकाऱ्याच्या शवपेटीवरही एकेक डहाळी टाकतात. माझ्यावर टाकाल ती ताजी तोडलेली असावी. गेल्या वेळी माझ्या दिराने, फ्लोरियानने, दुकानातली सुकलेली आणली होती, शोभा झाली नुसती.

तिसरे. फ्लोरियान क्रावान्या, माझे धाकटे दीर, यांना आमच्या भिंतीवर टांगलेली, रायफलीवर बसवायची मोठी दुर्बीण परत द्यावी. तिची हकिगत लिहून ठेवणे भाग आहे, नाहीतर लोक म्हणतील वहिनीने प्रेमाने दिली.

ही दुर्बीण फ्लोरियानने शहरातून आणली तेव्हा सगळ्या खोऱ्याला दाखवत हिंडला. "वहिनी, बघा! यातून इटलीतली माणसं जेवताना दिसतात!" मी हातात घेतली तर बाई गं, रायफलीवर दुसरी रायफल ठेवल्यासारखे वजन. वरची चकती उंच, उघडी, बोट लागले तरी फिरणारी. लांबच्या नेमासाठी ही चकती फिरवतात आणि काम झाले की जागेवर आणतात. मी त्याच दिवशी म्हटले, "भाऊजी, हिला कुलूप नाही. पिशवीत घासून फिरेल." तो हसला. दुसऱ्याच आठवड्यात चकती पिशवीत फिरली, नेम सरकला, आणि गोळी एका रानबोकडाच्या मागच्या पायाला लागली. माझी ब्रिना, रक्ताचा माग काढणारी कुत्री, दिवसभर कड्याकड्याने त्याच्या मागे होती. पंजे फाटले तिचे. उन्हे उतरताना तिने बोकड शोधून दिला. आणि मंडळाच्या बैठकीत हा सद्गृहस्थ काय म्हणाला? "कुत्रीचं नाक गेलंय, म्हणून उशीर झाला." ब्रिना गेली, ते वाक्य गेले नाही. पुढे ग्रेगोरच्या वाढदिवसाला त्याने तीच दुर्बीण भेट म्हणून आणून दिली. ग्रेगोर भिडस्त, ठेवून घेतली. मी भिडस्त नाही.

तसेच त्याच दुर्बिणीने त्याच्या भुवईवर कोरलेली चंद्रकोर त्याच्याजवळच राहावी. डोळा काचेला चिकटवून गोळी झाडली की धक्क्याने दुर्बीण मागे येते, हे त्याला तिसऱ्या खेपेला समजले.

चौथे, आणि हे नीट वाचावे. माझी रायफल आणि तिच्यावरची नवी, हलकी दुर्बीण तिंकाराला द्यावी. रायफल ग्रेगोरने वापरली, मग मी. तिच्यात सांगण्यासारखे काही नाही, ती गप्प काम करते. दुर्बीण मात्र मी या उन्हाळ्यात निवडली, आणि देवाशपथ, लग्नासाठी नवरा निवडताना मी इतकी पारख केली नव्हती.

डॉक्टर म्हणाले, पाठीवर ओझे नको. ठीक. मी पिशवीतून एकेक वस्तू काढत गेले. दुसरा सुरा काढला, लोकरीचा जाड कोट काढला, साखरेची डबी काढली. शेवटी कवळीसुद्धा तराजूत टाकून पाहिली. तिंकारा हसली नाही. मग राहिली जुनी दुर्बीण, लोखंडी, ग्रेगोरच्या वडिलांच्या वेळची. ती उतरवली आणि बस पकडून शहरात गेले.

दुकानातल्या माणसाने आधी सगळ्यात मोठी पुढे केली. "आजीबाई, यातून चंद्रावरचे खड्डे दिसतात!"

म्हटले, "चंद्रावरचा परवाना नाही माझ्याकडे. पाव्हण्या, हलकी दाखव."

"हलकी म्हणजे लांबचं कमी दिसणार."

"लांबचं मला किती दिसायला हवं ते मला विचार."

आणि त्याला सांगितले, तेच तिंकारा, तुलाही लिहून ठेवते. एका दरीच्या या काठावरून त्या काठावर मला गाम्सची शिंगे दिसायला हवीत, कास दिसायला हवी, आणि मागे पिल्लू नाही याची खात्री व्हायला हवी. तेवढेच. त्याहून लांबची गाम्स आपली नव्हे. तिला नमस्कार करायचा आणि घरी यायचे. दृश्य फार मोठे केले की जनावराबरोबर आपली धडधडही मोठी होते. माझे हृदय तर असे की त्या मोठ्या दुर्बिणीत पलीकडचा अख्खा डोंगर नाचत होता! शिवाय काचेत जागा इतकी थोडी की शेळी एक पाऊल सरकली की दगडांत हरवली. मला तिप्पट ते बारापट दाखवणारी पुरली. हातात घेतली तर अर्ध्या किलोलाही कमी, पावाच्या छोट्या लादीएवढी. चकतीला कुलूप होते. हातमोजा घालून ओढली, उघडली, दाबली, बसली. फिरवताना होणारी टिकटिक माझ्या कानांना ऐकू येत नाही, पण बोटांना कळली. डोळा चार बोटे मागे ठेवूनही चित्र पूर्ण दिसत होते. माझी भुवई शाबूत राहणार. मला तिथेच शिट्टी वाजवावीशी वाटली.

पण दुकानात सगळेच गुणी असतात. घरी आणून मी तिला बर्फाच्या कप्प्यात जांभळांशेजारी ठेवले आणि दुसऱ्या दिवशी काढून थेट उकळत्या पातेल्यावर धरले. बाहेरून घामेजली, पुसली; आतली काच स्वच्छ. मग खडीच्या खाणीत फळीवर कागद लावला. गोळी मारली. चकती वर नेली, खाली आणली, पुन्हा मारली. त्याच भोकाला भोक! मग लाकडी डावाने दुर्बिणीला चांगले चार तडाखे दिले, रायफल पिशवीत घालून गवळवाड्यापर्यंत दगडांवरून आपटत नेली, परत आणली, आणि मारली. पुन्हा तिथेच! अहो, मी त्या खाणीत एकटी नाचले. ट्रकवाला थांबून बघत होता, बघू दे. या वयात विश्वास ठेवावा अशी एक नवी वस्तू मिळणे म्हणजे काय, हे त्या ट्रकवाल्याला काय कळणार.

तिंकारा, तुझी जुनी दुर्बीण जड आहे, तुझे खांदे अजून भक्कम आहेत म्हणून तुला कळत नाही. ही घे. तिला रायफलीवर धरणाऱ्या पट्ट्यांचे स्क्रू थोडे थोडे, आलटून पालटून आवळ, एकदम नाही. काच सदऱ्याने पुसू नकोस. आणि माझ्यानंतर पहिल्यांदा वर जाशील तेव्हा त्या वाकड्या पाइनपाशी थोडी थांब, तिथून वारा कळतो. बाकी मला काही मागायचे नाही. एकदाच, तुझ्याबरोबर, तिथे उभे राहायचे होते, ते मागून झाले आहे.

इथे मृत्युपत्र संपायला हवे होते. पण साक्षीदार आल्यावर जे घडले ते जोडणे आवश्यक आहे.

साक्षीला फ्लोरियान आणि शेजारीण रोझालिया यांना बोलावले होते. रोझालिया डोंगरावरून मेंढ्या उतरवायला गेली आणि अडकली. फ्लोरियान आला, त्याच्या मागोमाग तिंकारा, परवाना माझ्याकडून काढून न्यायला. मी मजकूर मोठ्याने वाचला. तिसऱ्या कलमाला फ्लोरियान लाल झाला. मग मी नियम सांगितला, वकिलाने बजावलेला: साक्षीदाराला या कागदाने काही मिळू शकत नाही, मिळणाऱ्याने सही केली तर त्याचे मिळणे रद्द.

"म्हणजे मी सही केली तर ती तोफ मला मिळत नाही?" फ्लोरियानने विचारले.

"नाही."

"पेन द्या, वहिनी!" एका झटक्यात सही ठोकली. "सुटलो बुवा!" दारापर्यंत जाऊन परत आला, टोपी काढली, आणि म्हणाला, "ब्रिनाचं नाक शाबूत होतं. उशीर माझ्यामुळे झाला." या वाक्याची मी इतकी वाट पाहिली होती की आल्यावर काय करावे सुचेना. त्याला दारू ओतली.

तिंकारा मात्र चौथ्या कलमावरच अडली होती. कागद माझ्याकडून ओढून घेऊन तिने तो पुन्हा वाचला. डोळे भरले होते आणि रागही होता.

"मावशी, खरं सांग. वर शिकारीला चाललीस की मरायला?"

"शिकारीला! मरायला जाणारी बाई दुर्बिणीचं वजन बघते का गं?"

ती हसली. नाक पुसत हसली. मग उठून भिंतीवरून रायफल काढली, खांद्याला लावली, खिडकीतून पलीकडच्या कड्यावर नेम धरला आणि बराच वेळ तशीच उभी राहिली.

"हलकी आहे," ती म्हणाली.

"सांगत होते ना."

तिने रायफल माझ्या मांडीवर ठेवली आणि फ्लोरियानच्या सहीखाली पेन टेकवले. मी ओरडले, "अगं वेडे, तुझं सगळं रद्द होईल! नियम आत्ताच सांगितला ना!"

"ऐकला की. कागदावरून नको मला. पहाटे हाक मारायला येते. दोर आणि जेवण मी घेईन, रायफल तुझी तू उचल. द्यायची असेल तर खाली आल्यावर हातात दे."

आणि केली सही. म्हणून, पूर्ण शुद्धीत, नोंदवते की चौथे कलम रद्द झाले आहे. रायफलीला आणि दुर्बिणीला या क्षणी कोणी वारस नाही, तेव्हा मला डोंगरावरून परत येणे भाग आहे.

सही: ओतिलिया क्रावान्या

साक्षीदार: फ्लोरियान क्रावान्या, मोठी दुर्बीण नाकारून
साक्षीदार: तिंकारा झोर्च, चौथे कलम नाकारून

ट्रेंटा, १२ ऑक्टोबर २०१९