मशीनमागचा ट्रे

१८ जानेवारी
खिडकीतल्या ट्रेला फूल आलं! भिंगाखाली पुंकेसर चार. म्हणजे ही केसाळ जात, नक्की. वॉशिंग मशीनमागच्या ट्रेत तिची जुळी, दिसायला तशीच पण दुसरी जात — दांडा लांबुडका, नागमोडी. तिच्या फुलात सहा हवेत. दोन्ही कार्डामाईन, मोहरीच्या कुळातली, रोपवाटिकेच्या कुंड्यांत उगवणारी तणं. माझा एम.एस्सी.चा प्रकल्प यांच्यातल्या फरकावर. घाटकोपरच्या दोन खोल्यांत ट्रे ठेवणार तरी कुठे?

आत्याही आता इथेच, कायमची. कुडाळच्या घरात एकटी पडली होती. बाबा जाऊन घेऊन आले.

२३ जानेवारी
वाट लागली. ताटात हिरवी भाजी. कसली, विचारलं. आत्या खुशीत — "तुझ्या मशीनमागची गो. मोहरीसारखी तिखट. शेंडेच खुडलंय, मुळां ठेवलंय, परत येतली." तिकडे रानभाजी अशीच काढतात.

मी ओरडले. काय काय बोलले ते लिहवत नाही. शेवटचं तेवढं लिहिते — "हात कशाला लावलास? हे तुझं घर नाही."

बाबा मान खाली घालून बसले. बहीण त्यांची.

२४ जानेवारी
आत्या नाहूरला गेली, माझ्या चुलतभावाकडे, नितेशदादाकडे. मी कॉलेजातून मुद्दाम उशिरा आले.

९ फेब्रुवारी
खुडलेल्या रोपांना फुटवे. आत्याला फोन करायचा रोज ठरवते. करत नाही.

२१ फेब्रुवारी
मशीनमागच्या ट्रेला फूल. पुंकेसर चार. दुसऱ्या फुलात चार, तिसऱ्यातही! माझ्या गाईड नमिता मॅडमना दाखवलं. "अगं, दोन्ही ट्रेत एकच जात आहे. मागे उजेड नाही, म्हणून हे लांबुडकं वाढलं. दुसरी तुझ्याकडे कधी नव्हतीच."

भाजी झाली नसती तरी प्रकल्प बुडालेलाच होता. मग आत्याला मी कशासाठी बोलले? लॅबमध्येच रडू आलं. लाज वाटते.

२२ फेब्रुवारी
नाहूरला गेले. माफी मागायची होती. आत्याने जवळ घेतलं, विषयच काढू दिला नाही. मग उठली, स्वयंपाकघराच्या दाराशी थांबली आणि वहिनीला म्हणाली, "हिच्या च्यायेक साखर घेव काय?"

वहिनी मला हळूच म्हणाली, सगळंच विचारून घेतात त्या. पाणीसुद्धा.