माझी माहिती बाहेर जाणार नाही

३ जून, सकाळी
आजपासून कडक नियम. नोकरी शोधायची, पण स्वतःची माहिती कुणाला द्यायची नाही. रिक्रूटर लोक म्हणजे चोरांचे सख्खे भाऊ. नाव सांगितलं की जन्मतारीख मागतात, ती दिली की ओळखपत्र. मी गोदाम सांभाळलेला माणूस आहे. माझ्या नजरेखालून एक स्क्रू बाहेर गेला नाही. गोदाम बंद पडलं तो मालकाचा गाढवपणा.

बायको म्हणते, महिनाअखेर नोकरी नाही मिळाली तर मुकाट्याने माझ्या भावाच्या दुकानात जायचं. मेव्हण्याचं दुकान म्हणजे नळ, कमोड आणि वर त्याचे टोमणे. त्यापेक्षा उपाशी मरेन. जेवताना हे बोललो नाही.

५ जून
एका कंपनीतून फोन. गोदामासाठी माणूस हवाय. बोलणारा सारखा खोकत होता, मी त्याचं नाव खोकल्या ठेवलं. पूर्ण नाव आणि जन्मतारीख विचारली. मी काय दूधखुळा आहे? वडिलांच्या जागी सासऱ्यांचं नाव घातलं, जन्मतारीख मेव्हण्याची दिली, पत्ता त्याच्या दुकानाचा. चोरी झालीच तर त्याच्याकडे होऊ दे.

बायको म्हणाली, अहो, कंपनी खरी निघाली तर? हिला जगाचा अनुभव नाही.

१० जून
खोकल्याकडे मुलाखत. मोठं ऑफिस, दारावर पाटी, बसल्याबसल्या पाणी. खरं वाटावं म्हणून किती खर्च करतात लेकाचे. उत्तरं फाडफाड दिली. निवड जवळपास पक्की म्हणाला, फक्त पडताळणी राहिली, मूळ कागद इथे येऊन दाखवा. तिथेच ओळखलं. आणतो म्हणालो. नेणार नाही.

१२ जून
अखेर एक जाणकार भेटली. फोनवर एक मॅडम, मोठ्या कंपन्यांसाठी माणसं निवडतात. पहिलंच वाक्य, साहेब, कुणालाही माहिती देऊ नका, बाजारात फार चोर आहेत. मी माझे नियम सांगितले. म्हणाल्या, इतका सावध उमेदवार मी पाहिलाच नाही. आमच्या घरात ही कदर कुणाला नाही.

माहिती चोरांपासून वाचवायची तर त्यांच्या सुरक्षित लिंकवर जमा करून ठेवायची म्हणे. बरोबरच आहे, चांगला माल गोदामातच ठेवतात. ओळखपत्राच्या दोन्ही बाजू, सही, खरी जन्मतारीख, अनुभवाचे दाखले, ओळखपत्र गालाशी धरून फोटो. फोटो चांगला आलाय.

मोबाइलवर आलेला कोडही दिला. कोड परक्याला देऊ नये. मॅडम परक्या नाहीत.

१६ जून
मॅडम फोन उचलत नाहीत. मीटिंगमध्ये असतील.

२० जून
हा नंबर अस्तित्वात नाही, असं रेकॉर्डवरची बाई सांगते. सुरक्षेसाठी बदलला असणार. बायको खोदून खोदून विचारते. तिला काहीही सांगितलं नाही. घरातूनच माहिती फुटते.

२४ जून
खोकल्याचा फोन. या नावाचा, या तारखेचा माणूसच सापडत नाही म्हणाला. चौकशीला दुकानावर गेलेल्या माणसाला मेव्हण्याने नळ विकला. माझ्याबद्दल काय सांगितलं ते खोकल्याने सांगितलं नाही. नमतं घेतलं आणि मूळ कागद नेऊन दाखवले. आता नोकरी आपलीच.

२७ जून
नवी पडताळणी झाली. मी सापडलो, पण नोकरीत असलेला. दुसऱ्या शहरात, एका गोदामात, माझं नाव, माझी जन्मतारीख, माझेच दाखले. तो माणूस बोगस आहे, असं ओरडून सांगितलं. खोकल्याने मी आधी दिलेलं नाव-गाव पुढे ठेवलं आणि विचारलं, मग हा कोण? त्यांनी दुसरा माणूस घेतला.

पोलिसात गेलो. हवालदाराने विचारलं, बाईचं पूर्ण नाव? पत्ता? जन्मतारीख? यातलं मला काहीच ठाऊक नाही. बाई फार सावध.

३० जून
बायकोला सगळं सांगितलं. भांडेल वाटलं होतं. भाजी निवडता निवडता म्हणाली, निदान तुमच्या नावाला तरी नोकरी लागली.

उद्यापासून नळाचं दुकान. मेव्हण्याला विचारलं, ओळखीचे कागद आणू का? म्हणाला, कशाला भावोजी, तुम्हाला मी चांगला ओळखतो.