लाइलच्या रेघांवर माझी शाई

१५ जानेवारी १९९६, सोमवार

लाइल हॅनरटी! साऱ्या न्यूयॉर्कमध्ये दुसरा पेन्सिलवाला मिळाला नाही यांना!

हर्बने ऑफिसात बोलावलं होतं. संपादक गोड बोलायला लागला की समजावं, आपल्या गळ्यात काहीतरी पडतंय. आमच्या आणि पलीकडच्या कॉमिक्स कंपनीचं जमलंय म्हणे. वीस वर्षं एकमेकांना कोर्टात खेचलं, आता खप बसला तर गळ्यात गळे! आमचा कॅप्टन बॅलास्ट आणि त्यांचा रेडवायर यांची एकाच अंकात मारामारी. कोण जिंकणार ते वाचकांनी फोन करून ठरवायचं. वर चकचकीत पन्नीची तीन वेगवेगळी मुखपृष्ठं, म्हणजे एकाच गाढवाला एकच अंक तीनदा विकायचा. आणि अट अशी, की चित्रं पेन्सिलीने काढणारा त्यांचा, त्यावर शाई भरणारा आमचा.

"त्यानेच तुझं नाव घेतलंय, बर्नी," हर्ब म्हणाला. "शाई बर्नीस पुलास्कीची, नाहीतर मी काढतच नाही म्हणाला."

जखमेवर मीठ चोळतोय मेला. अकरा वर्षं बॅलास्ट आम्ही दोघांनी मिळून काढला. तीन वर्षांपूर्वी एका शुक्रवारी पानं हातात ठेवून 'सोमवारी भेटू' म्हणाला, आणि सोमवारी पलीकडे जाऊन बसला. मला कळलं धंद्याच्या मासिकातून!

नाही म्हणायची सोय नाही. बॅलास्टच्या मासिक अंकावर माझं पोट आहे. आता कुरकुर केली तर तो दुसऱ्याला देतील.

२६ जानेवारी

पानं आली नाहीत. साहेबांना सवड नाही!

२९ जानेवारी, सोमवार

पाच पानं आली. आधीच उशीर, म्हणून कोणाला न दाखवता थेट माझ्या घरी. पाचही पानांत पाय नाहीत. बॅलास्ट धुरात उभा, रेडवायर धुरात उभा. सगळं शहर जळतंय का काय, फक्त यांच्या गुडघ्याखाली!

समासात निळ्या पेन्सिलीने लिहिलंय, 'बर्नी, कशी आहेस?' निळं छपाईत उमटत नाही, म्हणून आम्ही सगळे समासातच गप्पा मारतो. पूर्वी आम्हीही मारायचो. मी उत्तर लिहिलं नाही.

६ फेब्रुवारी

आणखी सहा पानं. काय रेघा आहेत! एका भिंतीला चार रेघा, त्यातली एक सरळ नाही. हल्ली अशी फॅशन आहे, कबूल. पण हा मला शाळकरी समजतो. अर्धवट खरडायचं आणि बर्नीच्या अंगावर टाकायचं.

आमच्या धंद्याचा रिवाज असा, की पेन्सिलवाल्याचा अंगठा उलट्या बाजूला आला तर शाईवाल्याने गुपचूप सुलट करायचा. वर तोंडातून ब्रही काढायचा नाही. अकरा वर्षं मी याचे कान सुधारले, खिडक्या सुधारल्या, घोडे तर सगळेच माझे! आणि बक्षीस घ्यायला स्टेजवर हा एकटा. 'बर्नीचे आभार' म्हणायला हरकत होती?

आता बास. जे कागदावर असेल ते आणि तेवढंच शाईत जाईल.

१६ फेब्रुवारी, शुक्रवार

समासात आज: 'पुलाची रेघ तुला वाटेल तशी घे.' माझं काम तूच कर, असं सरळ म्हण ना!

नाही घेतली. सगळ्यात बारीक निब काढली आणि पूल जसा होता तसा उतरवला, प्रत्येक हिसक्यासकट. हे काही सोपं नाही. वाकडी रेघ सरळ करायला दहा मिनिटं, वाकडीला तंतोतंत वाकडी ठेवायला अर्धा तास. मान धरली. मजा आली.

२० फेब्रुवारी

शेवटची पानं संपली. सगळी बावीस. खोडरबर फिरवून खालची पेन्सिल साफ पुसली, कुरिअर बोलावला.

२८ फेब्रुवारी, बुधवार

हर्बचा फोन.

"बर्नी, हे काय आहे?"

"लाइल हॅनरटी आहे."

"बॅलास्ट हिवतापाने आजारी दिसतोय! तू नेहमी नीट करून देतेस ना?"

"पेन्सिल त्याची. त्याला विचार."

शिव्या घातल्या मला. पण उद्या पानं छापखान्यात जायची आहेत, नवीन काढायला वेळ कुठला? गेली तशीच. रात्री शांत झोप लागेल.

८ मे, बुधवार

अंक आला. सनीसाइडमधल्या डॉमिनिकच्या कॉमिक्सच्या दुकानाबाहेर रांग होती. मी मुद्दाम गेले, लाइलची फजिती ऐकायला.

एका दाढीवाल्याने पान डोळ्यांजवळ धरलं. "शाई कोणी भरलीय? चालत्या बसमध्ये बसून भरलीय काय?"

दुसरा म्हणाला, "कोणी पुलास्की बाई. हॅनरटीसारख्या माणसाची वाट लावली हो हिने!"

डॉमिनिक मला ओळखतो. तो खाली वाकून उगाचच खोकी लावायला लागला. मी अंक न घेताच बाहेर पडले.

२० मे, सोमवार

पत्रांचं पोतं आलंय म्हणे. सगळ्यांचा एकच सूर: चित्रं छान, शाईने मातेरं केलं. चोर सोडून संन्याशाला फाशी! मी संन्यासी नाही, माहीत आहे मला, पण चोर कोण ते तरी बघा!

हर्बने समोर बसवलं. यावेळी गोड बोलला नाही. "वरचे तुला बॅलास्टवरून काढायचं म्हणतायत. शुक्रवारी ठरणार. पेन्सिलच तशी होती, हे दाखवता येईल?"

काय दाखवू? माझ्याच हाताने पुसलीय. मूळ पान म्हणून आता जे आहे ते सगळं माझंच.

"लाइलला सांग ना बोलायला," हर्ब म्हणाला.

त्याच्यापुढे पदर पसरू? मी?

२३ मे

फोन करणार नाही. उपाशी मरेन, पण नाही!

२४ मे, शुक्रवार

बॅलास्ट माझ्याकडेच राहिला.

लाइलने आपण होऊन हर्बला पाकीट पाठवलं. बावीसही पानांच्या पेन्सिलीच्या झेरॉक्स. सोबत टाइप केलेली चिठ्ठी, खालची सही वाचता येत नाही. 'बर्नीने मी काढलं तेच काढलंय. दोष माझ्या हाताचा आहे, तो कापतो. दीड वर्ष झालं, डॉक्टर म्हणतात वाढतच जाणार. इथल्या शाईवाल्याने आजवर झाकून नेलं. यावेळी पानं परक्याकडे जाणार होती, म्हणून बर्नी मागितली. तिला काही सांगावं लागणार नाही, असं वाटलं.'

"तुला तरी कसं कळणार होतं, बर्नी?" हर्ब म्हणाला. मी मान हलवली.

आठव्या पानालाच कळलं होतं मला. अकरा वर्षं त्या हाताच्या रेघेवरून निब फिरवलीय. या वहीलासुद्धा सांगितलं नाही.