हर्कदाजूच्या काठ्या

जेठ ३
आईने परत तेच केलं. इलामहून जीपमध्ये हाडं खिळखिळी करून मी इथे पोहोचलो, तर फोनवर पहिला प्रश्न, हर्कदाजू जेवला का. दाजू म्हणजे थोरला भाऊ खरा, पण तो चुलत, पोटचा मी.
बाकी जागा झकास. खाली वेलचीचे मळे, वर दलदल. पाणसरडे शोधायचे, मोजायचे, जिथे सापडले तिथेच सोडायचे. चिखलात घट्ट वाट कुठून, ते दाजूने काठ्या रोवून दाखवलंय. प्रत्येक काठीला लाल चिंधी. दोन ओळींच्या मधूनच चालायचं.

जेठ ९
दाजूला अकरा सापडले, मला दोन. स्वयंपाक करणारी माइली दिदी त्याला गुंद्रुकची आंबट भाजी जास्त वाढते. मला म्हणाली, कांछा, तू नको शोधूस, तेच तुला शोधत येतील. सगळे हसले. दाजूने त्याच्यातला एक माझ्या नावावर लिहायला लावला, सगळ्यांदेखत. त्यापेक्षा थोबाडीत मारली असती तर बरं.

जेठ १४
पावसाळ्यानंतर आमच्यातल्या एकालाच कामावर ठेवणार, असं मोजणीचे साहेब म्हणाले. बघत होते दाजूकडे.
दुपारी धुकं उतरलं. दाजू पलीकडच्या काठाला होता. मी चार काठ्या उपटून डावीकडे रोवल्या, खोल चिखलाकडे. कमरेपर्यंत भिजेल, चार लोक हसतील, एवढंच मनात होतं.

जेठ १५
आला नाही. टोपी तरंगत होती, ती मी दाबून बुडवली. काठ्या जागेवर लावल्या. सगळ्यांना सांगितलं, दाजू घरी गेला. कोणी शोधलं नाही.

जेठ १७
चार काठ्या दलदलीबाहेर, पायवाटेवर. प्रत्येकीच्या बुडाशी एक पाणसरडा, मान वर करून. परत नेऊन सोडले.

जेठ १८
आज काठ्या चुलीपर्यंत. दिदी चिडली, म्हणाली, कांछा, घरात कसली दलदल मांडलीस? चिंध्या ओल्या. गाठ डावखुरी. तशी इथे एकच माणूस बांधायचा.

जेठ १९
माझ्या दारापर्यंत. दोन ओळी, मध्ये वाट. पाणसरडे मोजले — दहा. आणि एक, माझ्या नावावरचा —

जेठ २०
दाराखालून चिखल येतोय. बाहेर कोणीतरी पाय उपसत चालतंय — सावकाश — काठ्यांच्या मधून —
आई, सकाळीच जीपवाल्याकडे पैसे दिलेत. दाजूचं विचारू नकोस. दोघांचे मिळून आहेत, त्याचा पगारही मीच — कडी हलतेय — आठ हजार चारशे —